अप्पांचं मागचं पान

गणपती शिंगे पंक्चर काढायचे. पण कुणी "काय करता?" असं विचारलं की ते टायर खाली ठेवून, हात पुसून सांगायचे, "पंच हाय."

समोरचा कोल्हापूरचाच असला तर लगेच विचारायचा, "कुस्तीचे व्हय?"

अप्पांच्या कपाळाला आठी पडायची. "कुस्तीत काय, कोण बी शिट्टी फुंकतोय. आमी सरकारी. पोलीस पंचनाम्याचे पंच."

रस्त्याच्या पलीकडं पोलीस ठाणं, अलीकडं अप्पांचं पत्र्याचं दुकान आणि दुकानाला चिकटून चहाचा गाडा. अप्पांच्या आयुष्याचा नकाशा एवढाच. अपघात झाला, चोरी झाली, मारामारी झाली, की पोलिसांना दोन त्रयस्थ माणसं लागतात. त्यांच्यासमोर जागा बघायची, मोजायची, लिहून काढायची, मग त्या दोघांनी वाचून सह्या करायच्या. पोलिसांनी मनाचं काही लिहू नये म्हणून ही सोय. कायदा करणाऱ्यानं विचार चांगलाच केला होता. फक्त भर उन्हात आपली कामं टाकून कोण दोन माणसं पोलिसांच्या गाडीत बसणार, एवढंच त्याचं ठरवायचं राहून गेलं.

शहाणी माणसं बसत नाहीत. हवालदार चहाच्या गाड्याकडं वळला, की लोक अर्धा कप तसाच ठेवून गल्लीत शिरतात. एकदा सही केली की पुढं कोर्टाची बोलावणी, तारखा, वकिलाचे वाकडे प्रश्न. अप्पा मात्र पळाले नाहीत. ते कामाला होते ती फौंड्री बंद पडून दुकान नवंनवं टाकलं होतं, तेव्हाची गोष्ट. हवालदार आला आणि म्हणाला, "अप्पा, जरा येता का? पंच पायजेत."

'अप्पा' म्हणाला! 'ए' नाही, 'इकडं ये रे' नाही. आत नेऊन खुर्ची दिली. चहा दिला, तोही कानाच्या कपात. ह्याच ठाण्यात एकदा अप्पांच्या बापाला, धोंडी शिंग्याला, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दारात उभं केलं होतं. कशासाठी ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, कागदावर अंगठा मात्र घेतला होता. त्या दाराच्या आत खुर्चीवर बसून अप्पांनी पहिली सही केली. 'ग' ला फेट्याच्या तुऱ्यासारखा वर काढलेला फाटा आणि खाली दोन टिंबं. अशी सही, की तहसीलदारानं बघून शिकावी.

त्या दिवशी घरी येताना त्यांनी पेढे आणले. बायको अंजना म्हणाली, "कुणाला पोरगं झालं?"

"मला सरकारनं पंच केलं."

"हां. घरात मिठाचा डबा कुठं हाय ते दिसत न्हाय, आन् सरकारला जागा दाखवणार."

अंजनाला सरकारी कामाचा आदर नव्हता, हे अप्पांचं जुनं दुःख.

मग राखाडी सफारी शिवून आली. ती दुकानात खिळ्याला टांगलेली असायची. बोलावणं आलं की अप्पा बनियनवरच ती चढवायचे, खिशाला पेन अडकवायचे आणि ग्राहकाचं चाक टबात बुडवलेलं तसंच सोडून रस्ता ओलांडायचे. पहिली काही वर्षं ते खरंच जागेवर जायचे. टेपचं एक टोक धरायचे, कुठं काच पडली, कुठं रक्त सांडलं ते वाकून बघायचे. पुढं गाडीला डिझेल नसायला लागलं. मग हवालदार कागद घेऊन दुकानातच यायला लागले. "अप्पा, बघून आलोय सगळं. तुमी नुसती सही मारा." आपल्यावर खात्याचा एवढा विश्वास बघून अप्पांना भरून यायचं.

आणि मग संग्राम हवालदार आला. माणूस हुशार, कामाला वाघ. त्याच्या ध्यानात आलं की पंचनाम्याची पुढची पानं बदलतात, पण शेवटचं पान कधीच बदलत नाही. त्यावर असतं एवढंच: 'सदरचा पंचनामा आम्हा पंचांचे समक्ष लिहिला असून तो आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे.' खाली सह्या. संग्रामनं त्या पानाच्या प्रती काढल्या आणि दर सोमवारी गठ्ठाच दुकानात आणून ठेवायला लागला. "अप्पा, मागची पानं." अप्पा चष्मा लावून एकेका पानावर तुरा काढायचे. आठवडाभर कोल्हापुरात जे काय व्हायचं असेल ते खुशाल होऊ दे, अप्पांनी ते आधीच वाचून खरं ठरवलेलं असायचं.

मधे नवा कायदा आला. कलमांचे आकडे बदलले, दोनशे एकोणऐंशीचं दोनशे एक्क्याऐंशी झालं. मागचं पान मात्र तेच राहिलं.

पंच म्हणजे जाणकार, असं लोक धरून चालतात. त्यामुळं पोलिसांचा रिपोर्ट हातात पडला आणि कळला नाही, की माणसं तो घेऊन अप्पांच्या दुकानात यायची. अप्पा चाकाच्या टबाशेजारी स्टूल टाकून त्याचा अर्थ सांगायचे. हे काम ते फुकट करायचे आणि जोरात करायचे, म्हणजे चहाच्या गाड्यावरही ऐकू जावं.

कोडोलीचा एक गडी एकदा पायाला प्लास्टर घालून आला. "अप्पा, मला टेंपोनं उडवलं. आन् हितं लिवलंय, 'सदर इसम स्वतःचा तोल जाऊन पडला.'"

"सदर इसम म्हंजी तू."

"ते कळलं. पर टेंपो कुठं गेला?"

"आरं बाबा, टेंपो लिवला की त्याचा नंबर लिवाय लागतोय. नंबर लिवला की टेंपो धरून आणाय लागतोय. आणला की ठाण्यात लावाय लागतोय. आत जागा हाय का बघ बरं जरा."

गड्यानं मान लांबवून ठाण्याच्या आवारात बघितलं. जप्त केलेल्या गाड्यांवर वेली चढल्या होत्या. "न्हाय की."

"मग? तोल जाऊन पडलं की सगळ्यांचं सोपं पडतंय."

चहाच्या गाड्यावर हशा पिकला. गडीसुद्धा हसला, कुबड्या सावरत गेला. त्याच्या रिपोर्टाचं शेवटचं पान कुणीच उलटून बघितलं नाही. उलटलं असतं, तर त्यावर तुरा दिसला असता.

अप्पांची लेक निशा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. लग्न होऊन ती ढाल्यांच्या घरी गेली. नवरा प्रसेनजीत शिरोळ भागात साखर कारखान्यावर, हंगामात घरी नसायचा. व्हॅन निशानं स्वतः उभी केली होती. सुरुवातीला "बाई व्हॅन चालवणार?" म्हणणारे आईबापच नंतर तिच्या व्हॅनमधे जागा मिळावी म्हणून ओळखी काढायला लागले. कारण निशा पोरांना मोजून चढवायची, मोजून उतरवायची आणि फोन डिकीत ठेवायची.

त्या दुपारी तिनं गगनबावडा रोडला, फुलेवाडीच्या पुढं धोंडुबाईच्या रसाच्या गाड्यापाशी, रस्त्याच्या डाव्या कडेला व्हॅन थांबवली. मधुवंती नावाची चौथीतली पोरगी उतरत होती. मागून एक मोठी पांढरी नवीकोरी गाडी आली. गाडीत मोहित नावाचा तरुण, मोहितच्या हातात फोन आणि फोनमधे बहुतेक सगळं जग असावं, कारण पुढची पिवळी व्हॅन त्याला दिसली नाही. धडक अशी बसली की व्हॅन गटारीत तोंड घालून थांबली. मधुवंती पायरीवरून पडली, हात मोडला. निशाच्या कपाळाला टाके पडले. बाकी पोरं भेदरून रडत होती आणि धोंडुबाई हातातलं उसाचं कांडकं घेऊन मोहितच्या गाडीभोवती फिरत शिव्या घालत होती.

अप्पा ग्रीसच्या हातानंच दवाखान्यात पळाले. दिवस मावळेपर्यंत तिथंच होते. निशापाशी बसले, मधुवंतीला केळं सोलून दिलं, तिच्या आईला, दीप्तीला, धीर दिला. "ताई, घाबरू नका. आता पंचनामा होईल. दूध का दूध होईल."

तेवढ्यात त्यांच्या मनाला एक बारीक काटा टोचून गेला. आपण तर इथं आहोत. मग आज पंच म्हणून कोण गेलं असेल? कुणीतरी नवशिका गेला असणार, टेप उलटी धरणारा. पोरीच्या कपाळाला टाके पडत होते आणि बापाला जरासं, अगदी जरासं, वाईट वाटलं की एवढा मोठा पंचनामा आपल्याशिवाय झाला.

ठाण्यात जाऊन 'ती माझी लेक हाय' असं अप्पांनी सांगितलं नाही. ओळख लावणं त्यांना कमीपणाचं वाटलं. आपण त्याच खात्यातले, कायदा आपलं काम करेल. इकडं मोहितच्या बाजूनं मात्र ओळखीचं कुणाला वावडं नव्हतं. त्याचे काका विजयसिंह रस्त्याचे ठेकेदार. त्यांचा फोन ठाण्यात अंधार पडायच्या आत पोचला.

दोन-चार दिवसांनी पालकांच्या मोबाईलवरच्या व्हॅन ग्रुपात रिपोर्टाच्या पहिल्या पानाचा फोटो येऊन पडला. कुणी टाकला ते कळलं नाही. 'व्हॅनचालक महिलेची हयगय' एवढं वाचून एकेक घर गळायला लागलं. 'निशाताई, आमची सोय दुसरीकडे झाली आहे,' आणि खाली हात जोडलेलं चित्र. रोज जिला पोरं सोपवत होते, तिला 'काय झालं गं?' असं एकानंही विचारलं नाही. छापील कागदापुढं शिकलेल्या माणसाचा मेंदू असा चटकन गुडघे टेकतो. व्हॅन गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली आणि दारात रिकामी उभी राहिली. निशाला सुटायचा रस्ता एकच होता: तो कागद खोटा ठरला पाहिजे.

फक्त दीप्ती अडून बसली होती. बँकेत नोकरी करणारी बाई, पण घरात मधुवंती तिला सुखानं कागदावर विश्वास ठेवू देईना. "मम्मी, गाडी मागून आली. मी बघितलं," एवढंच ती जेवताना, झोपताना म्हणत राहायची. शेवटी दीप्तीनं निशाला फोन केला. निशानं ठाण्यातून रिपोर्टाची पूर्ण झेरॉक्स काढून आणली होती, पण भाषा तिलाही धड कळत नव्हती. अशी भाषा समजावून सांगणारा माणूस तर तिच्या घरचाच होता.

दोघी जणी, मधे गळ्यात हात अडकवलेली मधुवंती, अशा तिघी अप्पांच्या दुकानात आल्या. अप्पांनी स्टूल पुसलं, चष्मा चढवला. लेकीचं काम म्हणून त्या दिवशी सफारीसुद्धा घातली. चहाच्या गाड्यावरची माणसं आपोआप सरकून जवळ आली.

"'सदर घटनास्थळ हे डांबरी रस्ता असून रस्ता सुस्थितीत आहे.'"

"सुस्थितीत?" निशा म्हणाली. "तिथं खड्डा हाय अप्पा. म्हस बसंल त्यात."

"पंचनाम्यात खड्डा घेत न्हाईत. खड्डा आला की मागनं ठेकेदाराचं नाव येतंय."

"ठेकेदार कोण हाय माहीत हाय का? मोहितचा चुलता."

अप्पांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढं वाचलं. "'सदर व्हॅन रस्त्याचे मध्यभागी उभी मिळून आली.'"

"मध्यभागी? आवो, व्हॅन गटारीत हुती! क्रेननं काढली."

मधुवंती म्हणाली, "माझा डबा पण गटारीतच गेला."

अप्पांचा आवाज आता चढायला लागला. "'चालक महिलेने मागील वाहनांचा अंदाज न घेता अचानक व हयगयीने वाहन थांबविल्याने...'"

"हयगयीने म्हणजे नक्की काय हो?" दीप्तीनं विचारलं.

"बेफिकिरी. सगळी केस ह्या एका शब्दावर चालती ताई. हा ज्याच्या नावाला चिकटला, तो आरोपी."

"म्हणजे निशाच?"

अप्पांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "'जागेवर कोणीही साक्षीदार मिळून आले नाहीत.'"

"धोंडुबाईचा आवाज तर फुलेवाडीपातूर गेलता!" निशा ओरडली.

आता अप्पा उभेच राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ह्याला काय पंचनामा म्हणायचं? कुठल्या बैलानं सही केली ह्याच्यावर? आँ? डोळं फुटलं हुतं का त्याचं? जागेवर जायाचं न्हाय, बघायचं न्हाय, कुणी कागद पुढं सारला की मारली सही! असल्या पंचास्नी चौकात उभं करून..." आणि त्यांनी तावातावानं मागचं पान उलटलं.

पानावर तुरा होता. खाली दोन टिंबं.

टबातल्या ट्यूबमधून बुडबुडे येत होते. चहावाला मान वाकडी करून कागदावर वाकला. त्याला गप्प बसायची अक्कल कधीच नव्हती. "अप्पा, ही तर तुमचीच दिसती की."

दीप्ती हळू म्हणाली, "पण त्या वेळी तुम्ही आमच्याबरोबर होता. हिला केळं देत होता."

निशानं बापाच्या हातातून कागद काढून घेतला, नीट घडी घातली आणि चालायला लागली. जाताना तिनं खिळ्याकडं, रिकाम्या हँगरकडं एकदा बघितलं. अप्पांना ते बघणं शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्यांनी रस्ता ओलांडला. संग्राम टेबलाशी बसून वडा खात होता.

"संग्रामराव, निशा ढाले माजी लेक हाय."

संग्रामचा घास थांबला. "कोण? ती व्हॅनवाली? आवो अप्पा, मग सांगायचं न्हाय का आधी!"

इतकी वर्षं रोजची ऊठबस. पण अप्पांचं घर कुठं, लेकी किती, हे संग्रामनं कधी विचारलं नव्हतं. त्याचा व्यवहार सहीशी होता, आणि सहीला लेकीबाळी नसतात.

"त्या दिवशी मी दवाखान्यात हुतो. माजं पान तुमी कसं लावलं?"

"वर हुतं ते लावलं. गठ्ठ्यात काय नावं बघून काढतोय का कोण?" संग्रामला खरोखरच वाईट वाटलं होतं. त्यानं वडा अर्धा तोडून अप्पांपुढं केला. "तुमी काय बी काळजी करू नका. कागद अजून कोर्टात गेला न्हाय. मी तुमचं पान काढतो, दुसरं लावतो. तुमी मोकळे."

"दुसरं कुणाचं?"

"हाय की, आपल्या जुन्या पंचाचं, रामूचं. शिल्लक हायत त्याची पानं."

"रामू वारला की गेल्या दिवाळीत!"

"म्हणून तर." संग्राम पुढं वाकला. "त्याची उलटतपासणी होत न्हाय."

"मग तारीख..."

"तारखेचं मी बघतो."

"आन् मजकूर?"

"मजकूर तसाच राहणार अप्पा. वरनं फोन हाय. पर तुमचं नाव तर जाईल ना त्यातनं? फकस्त लेकीकडची झेरॉक्स तेवढी परत आणून द्या."

आणि अप्पा निघताना, अगदी मायेनं: "न्हायतर बघा बाबा. तुमच्या सहीवर किती जण कोर्टाच्या पायऱ्या चढल्यात, हिशेब केलाय का कधी? एक पान उसवलं की सगळीच उसवतील."

अप्पांच्या तोंडाला हे कुलूप नेमकं बसलं. अप्पा संध्याकाळी निशाच्या घरी गेले ते झेरॉक्स मागायलाच, हे लपवण्यात अर्थ नाही. दारात व्हॅन उभी होती. तिच्या काचेवर पोरांनी बोटांनी काढलेली चित्रं धुळीत अजून होती. आत अंजना आधीच येऊन बसलेली. नवऱ्याला बघून तिनं तोंड फिरवलं.

अप्पांनी आडवळणानं सुरुवात केली. खातं, ओळख, आपलं नाव, एवढ्या वर्षांची अब्रू. निशानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी तुमची सही तेवढी निघणार. माज्या नावावरची हयगय तशीच."

"बघू की पुढं काय तरी."

"अप्पा, आज्ज्याचा अंगठा हुता ना? ज्या कागदावर सांगतील त्याच्यावर उमटायचा. तुमाला सही आली. आमाला सांगायचा, अंगठा गेला, सही आली, आपण माणसात आलो. मग न वाचता सही करायची तर अंगठा काय वाईट हुता?"

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. अप्पांनी तिकडं बघायचं टाळलं.

"झेरॉक्स मी देणार न्हाय," निशा म्हणाली. "तुमची सही त्यात हाय, म्हणूनच तर हा कागद खोटा हाय. ती गेली की हा खरा झाला. माज्याकडं दुसरं काय हाय?"

अंजना उठली, चहा टाकायला आत गेली. आतून म्हणाली, "मिठाचा डबा वरच्या फळीवर असतोय. आज तेवढं तरी बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी अप्पा पोलिसांच्या मोठ्या साहेबांच्या ऑफिसात उभे होते. बरोबर निशा आणि बँकेतून रजा टाकलेली दीप्ती. सफारी घरी राहिली होती. साध्या शर्टात ते एकदम लहान दिसत होते.

साहेब तरुण होते. कागद वाचून म्हणाले, "सही तुमची?"

"व्हय."

"आणि तुम्ही तिथं नव्हता?"

"न्हाय. दवाखान्यात हुतो. ह्या ताई बघत हुत्या."

दीप्तीनं मान हलवली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग आधीच्या पंचनाम्यांना तरी हजर असायचा का?"

अप्पांनी निशाकडं बघितलं. निशा खिडकीबाहेर बघत होती. "जवळच्यांना असायचो सायेब."

"आणि लांबच्यांना?"

"लांबच्यांना..." अप्पांनी मान खाली घातली. "तिकडं फक्त सही जायाची."

साहेबांना हसावं की चिडावं कळेना. मग ते चिडले, कारण हुद्द्याला तेच शोभत होतं. अप्पांचा जबाब लिहून घेतला गेला. लिहून झाल्यावर कारकुनानं सवयीनं बोट खालच्या ओळीवर ठेवलं, "इथं सही." अप्पांनी कागद उचलला, चष्मा लावला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. कारकुनाचा जेवणाचा डबा उघडलेला होता. तो थांबला. अप्पांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, मग सही केली. तुरा नीट आला नाही.

पंचनामा पुन्हा करायचा हुकूम निघाला, आणि ठाण्यात माणसं कमी म्हणून लिहायला पुन्हा संग्रामच आला. मधे एवढे दिवस गेले, आता जागेवर काय मिळणार, असं संग्रामला वाटत होतं. पण आपल्याकडं रस्ते झाडत नाहीत, ही न्यायाची मोठी सोय आहे. व्हॅनच्या मागच्या लाईटची लाल काच डाव्या कडेला जिथं फुटली होती तिथंच पडून होती, गटारीच्या दगडावर पिवळा रंग घासलेला होता आणि गटारीत मधुवंतीचा डबा, आत पोळीसकट. शिवाय धोंडुबाई होती. बघणारी म्हणून तिचा जबाब हवा होता, आणि तो देण्यासाठी ती अपघात झाल्या दिवसापासून घसा खाकरून बसली होती.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. संग्रामनं जबाब लिहून कागद पुढं केला, "मावशी, हितं अंगठा."

"आधी वाच की."

"बरोबर लिवलंय सगळं."

"मग वाचायला लाजतोस का?"

संग्राम वाचायला लागला. "'सदर पांढऱ्या रंगाचे वाहन मागील बाजूने येऊन...'"

"त्यो फोनवर बोलत हुता ते कुठं गेलं?"

"ते येईल पुढं."

"पुढं नको. आधी त्यो फोन, मग धडक. जसं झालं तसं लिव्ह. आन् खड्डा?"

"मावशी, खड्ड्याचा काय संबंध?"

"संबंध तुला न्हाय रं, माज्या गिऱ्हाइकाला हाय. रोज एक जण पडतोय त्यात. लिव्ह खड्डा. न्हायतर अंगठा मिळणार न्हाय." आणि अंगठा तिनं मुठीत मिटून घेतला.

अप्पा रस्त्याच्या पलीकडं उभे होते. बाप म्हणून त्यांना जवळ यायला मनाई होती. दोन नवे पंच, एक रिक्षावाला आणि एक दूधवाला, टेप धरून उन्हात उभे होते. रिक्षावाल्यानं टेप उलटी धरली होती. अप्पांच्या जिभेवर शब्द आला होता, तो त्यांनी गिळला. समोर एक बाई नुसता अंगठा मिटून सरकारला खड्डा लिहायला लावत होती, ते ते बघत राहिले.

सुस्थितीतल्या त्या रस्त्याला अखेर खड्डा पडला, निदान कागदावर. हयगय निशाच्या नावावरून उठून मोहितच्या नावावर गेली. संग्रामची बदली गगनबावड्याला झाली. तिथं पाऊस एवढा, की कागद कोरडे ठेवण्यातच नोकरी जाते म्हणतात. विजयसिंहांचं काय झालं? काही नाही. खड्डा बुजवायचा ठेका त्यांनाच मिळाला.

अप्पांना मात्र शांतता मिळाली नाही. चौकशीची नोटीस आली. आणि दुकानात वकिलांची रांग लागली. "अप्पा, आमच्या त्या केसलाही तुम्ही नव्हता ना? आठवा बघू." काही जण पेढे घेऊन यायचे. खरं बोलल्यावर एवढा मान मिळतो हे अप्पांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं आणि त्यांनी पेढ्यासकट सगळ्यांना हाकललं. कोडोलीच्या गड्याला मात्र त्यांनी स्वतः निरोप धाडला: "तुजा टेंपो शोधायचा हाय. वकील धर. मी येतो सांगायला." गडी आला, अप्पांना दोन अस्सल शिव्या दिल्या आणि मग चहा प्यायला बसला.

व्हॅनमधली पोरं लगेच परतली नाहीत. नवा रिपोर्ट कुणी ग्रुपात टाकला नाही, कारण चांगली बातमी पुढं ढकलायला लोकांचा अंगठा वळत नाही. पहिली आली ती मधुवंती. त्या सकाळी दीप्ती स्वतः तिला व्हॅनपाशी घेऊन आली आणि निशाच्या शेजारच्या जागेवर बसवून कामाला गेली. मग हळूहळू मागची बाकं भरत गेली.

शाळा सुटल्यावर निशा चाकात हवा भरायला म्हणून दुकानासमोर थांबली. बापाशी ती अजून कामापुरतंच बोलत होती. मधुवंती खाली उतरली आणि तिनं प्लास्टरचा हात अप्पांपुढं धरला. प्लास्टरवर वर्गातल्या पोरांच्या सह्या, फुलं, भुतं, एक क्रिकेटची बॅट. तिच्या दुसऱ्या हातात स्केचपेन होतं.

"आजोबा, तुमची राहिलीय. मम्मी म्हणते तुमची सही भारी आहे."

चहावाला मान वाकडी करून बघायला लागला. अप्पांनी हात धुतले, पुसले आणि चष्मा लावला. स्केचपेन घेतलं, पण टेकवलं नाही. प्लास्टर हलकेच फिरवून ते मनगटापासून वाचायला लागले.

"आजोबा, नुसती सही करा की. उशीर होतोय."

"थांब," अप्पा म्हणाले. "हे 'मधू येडी' कुणी लिवलंय? हे खरं हाय का? हे खोडल्याशिवाय मी खाली सही करणार न्हाय."

निशानं हॉर्न वाजवायला उचललेला हात तसाच ठेवला. व्हॅनमधली पोरं खिडकीतून बाहेर लोंबत होती. तिनं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना म्हणाली, "बसा गप. वाचू दे त्यास्नी."